सोलापूरच्या कॉलेजात पर्यावरणाचं काम: सुरुवात बिलापासून, कस मे महिन्यात

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की कॉलेज सोलापूर शहराच्या कडेला आहे, दीड हजाराच्या आसपास मुलं, प्राचार्य सरांनी ग्रीन कमिटी काढून तुमच्या गळ्यात घातलीय, पैसे फार नाहीत, पुढच्या वर्षी नॅक (कॉलेजचं मूल्यांकन) आहे, आणि वृक्षारोपण-पोस्टर स्पर्धा सोडून खरंच उपयोगी पडेल असं काय करता येईल. मी आधी कॉलेजात शिकवायचो, नंतर बरीच वर्षं आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांचं वीज-पाण्याचं ऑडिट करतोय, त्यामुळे जे जागेवर चालताना बघितलंय तेच सांगतो. उत्तर लांबेल पण वाचा, कारण तुम्ही मनापासून विचारलंय.

सगळ्यात आधी एक कसोटी सांगून ठेवतो. कुठलीही कल्पना कमिटीत आली की विचारायचं, मे महिन्यात हे कोण बघणार? आपल्याकडे मे म्हणजे पारा ४२-४३ वर, मुलं गावाला, सर-मॅडम पेपर तपासणीत नाहीतर सुट्टीवर, कॅम्पसवर वॉचमन, एखादा शिपाई आणि असलाच तर माळी. कॉलेजातले पर्यावरणाचे उपक्रम जून ते फेब्रुवारी छान चालतात आणि या दोन-तीन महिन्यांत मरतात, मग जूनला पुन्हा पहिल्यापासून सुरू. झाडं वाळतात, गांडूळखताचा बेड कोरडा पडतो, बायोगॅसची टाकी उपाशी राहते. त्यात मुलं तीन वर्षांनी बदलतात, म्हणजे क्लबमध्ये जीव ओतणारी पोरं निघून गेली की मागे फक्त बोर्ड राहतो. म्हणून मी कुठल्याही कॉलेजात गेलो की अशाच कामावर भर देतो जे माणूस नसतानाही चालतं किंवा ज्याला मे मध्ये एक ठराविक माणूस नेमलेला असतो, पगारासकट.

आता सुरुवात. ऑफिसमधून मागच्या तीन वर्षांची लाईट बिलं काढा, टँकरची बिलं काढा, डिझेलची (जनरेटर असेल तर) काढा. कॉमर्सच्या चार मुलांना बसवा आणि महिन्यावारी एक्सेल करायला सांगा, कुठल्या महिन्यात किती युनिट, किती टँकर. एवढ्यानेच अर्धं चित्र दिसतं. सुट्टीच्या महिन्यात युनिट किती येतात ते खास बघा, कॉलेज बंद असतानाही बिल चाळीस-पन्नास टक्क्यांवर असेल तर काहीतरी विनाकारण चालू राहतंय हे नक्की. मग आठवडाभर वॉचमनकडून रात्री ९ ला आणि सकाळी ६ ला मीटरचं रीडिंग वहीत लिहून घ्या. रात्री कॉलेजात काय चालतं? वॉटर कूलर, सर्व्हर, लॅबमधले फ्रीज, बाहेरचे हॅलोजन, आणि बंद न केलेले कॉम्प्युटर. कूलरला टायमर लावणं आणि हॅलोजनच्या जागी एलईडी घालणं हे किरकोळ खर्चात होतं आणि त्याला कुणाची जनजागृती लागत नाही.

तसंच पाण्याचं. शनिवारी कॉलेज सुटल्यावर गच्चीवरच्या टाक्या भरून घ्या, वरचा इनलेट बंद करा, पाण्याच्या पातळीला खडूने खूण करा, सोमवारी सकाळी येऊन बघा किती खाली गेलं. कोणी वापरलेलं नाही तरी पाणी उतरलं म्हणजे गळती, आणि ती बहुतेक वेळा नळात नसते, फ्लशच्या टाकीत असते, आवाज न करता कमोडमध्ये झिरपत राहते. जुन्या टाक्या एका वेळेला १० लिटर सोडतात, नव्या ड्युअल फ्लशच्या ३ आणि ६. एका कॉलेजात फक्त मुलींच्या टॉयलेटचे वॉशर आणि फ्लशचे व्हॉल्व्ह बदलले आणि उन्हाळ्यातले टँकर लक्षात येण्याइतके कमी झाले. उजनी धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून पंप होऊन येतं आणि तरी शहरात नळाला काही दिवसांआडच मिळतं, त्यामुळे इथे पाणी वाचवणं म्हणजे वीजही वाचवणं, हे मुलांना एकदा समजावून सांगा, पटकन पटतं त्यांना.

पंख्यांचं गणित मी प्रत्येक कमिटीला करून दाखवतो कारण सोलापुरात पंखा बंद करा असं सांगणं शक्यच नाही. जुना पंखा ७०-७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. २०० पंखे धरा, प्रत्येकी ४५ वॅट वाचले, रोज ६ तास, वर्षाला २०० दिवस, तर १०,८०० युनिट झाले. तुमच्या बिलातला दर लावा आणि गुणा. एकदम सगळे बदलायची गरज नाही, जे जळतील त्यांच्या जागी यापुढे फक्त बीएलडीसीच घ्यायचे असा एक ओळीचा ठराव खरेदी कमिटीत करून घ्या. खरेदीचा नियम बदलला की तो तुमची बदली झाली तरी चालू राहतो, हे लक्षात ठेवा.

वरच्या मजल्याचे वर्ग मार्चपासून भट्टी होतात. तिथे एसी मागायच्या आधी स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक रंग द्या, बजेट नसेल तर चुना द्या, फुटक्या पांढऱ्या टाईल्सचे तुकडे बसवता आले तर सगळ्यात टिकाऊ. आत दोन-चार अंशांचा फरक पडतो, चुना मात्र दरवर्षी उन्हाळ्याआधी द्यावा लागतो. आपल्या जिल्ह्यातली जुनी धाब्याची घरं आठवा, जाड मातीचं छत, आत उन्हाळ्यातही गारवा. सोलापूरच्या लोकांना उन्हाचं शास्त्र आधीपासून माहीत होतं, आरसीसी आल्यावर ते सुटलं. आणि वेळापत्रक बघा जरा, दुपारचे तास खालच्या मजल्यावर, सकाळचे वर, एवढं केलं तरी मुलांचे हाल कमी होतात.

सोलरबद्दल सगळेच विचारतात. सोलापूरचं ऊन चांगलं आहे, १ किलोवॅटला सरासरी रोज ४ युनिटच्या आसपास मिळतात आणि साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. म्हणजे २० किलोवॅटला २,००० चौरस फूट आणि दिवसाला ८० युनिट. पीएम सूर्यघरची सबसिडी घरांसाठी आहे, कॉलेजला नाही, त्यामुळे कोणी एजंट तसं सांगून ॲडव्हान्स मागत असेल तर देऊ नका. पैसे नसतील तर रेस्को मॉडेल बघा, कंपनी स्वतःच्या खर्चाने पॅनेल बसवते आणि तुम्ही ठरलेल्या दराने वीज घेता, पण करार २०-२५ वर्षांचा असतो, तो संस्थेच्या वकिलाने वाचल्याशिवाय सही करायची नाही, त्यात दर दरवर्षी किती वाढणार ते कलम आधी शोधायचं. नेट मीटरिंगमुळे एप्रिल-मे मध्ये, जेव्हा ऊन भरपूर आणि कॉलेज रिकामं, तेव्हा जादा युनिट ग्रीडमध्ये जमा होतात आणि पुढच्या महिन्यांत वळते होतात. हे आपल्या सुट्टीच्या दिवसांना अगदी बरोबर जुळतं. पण आर्थिक वर्षाअखेर उरलेल्या युनिटला फार कमी दर मिळतो म्हणून गरजेपेक्षा मोठा प्लांट बसवायचा नाही. आधी पंखे-दिवे बदला, वापर खाली आणा, आणि मग जो वापर उरेल त्यावर सोलरचा आकार ठरवा. उलट्या क्रमाने केलं तर वाया जाणाऱ्या विजेसाठी पॅनेल विकत घेतल्यासारखं होतं. एक गोष्ट कोणी सांगत नाही, आपल्याकडे फेब्रुवारीपासून धूळ इतकी बसते की धुतल्याशिवाय युनिट पडत जातात, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतलं तर काचेवर पांढरे डाग बसतात. नळाचं पाणी, सकाळी लवकर, मऊ वायपर. हे काम कोणाचं ते ऑर्डर देतानाच लिहून घ्या.

पावसाचं पाणी, यावर थोडं जास्त बोलतो कारण आपल्या जिल्ह्यात खरा फायदा इथे आहे. जिल्ह्याचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटर धरा. १,००० चौरस मीटर छतावर त्यातला ८० टक्के जरी हाती आला तर ४ लाख ४० हजार लिटर होतात, म्हणजे १० हजार लिटरचे ४४ टँकर, आणि कॉलेजची छतं बहुतेक याहून मोठी असतात. आता अडचण कुठे येते, तर शोषखड्डा काळ्या मातीत खणतात. काळी माती पावसात फुगते, भेगा मिटतात आणि पाणी आत जातच नाही, खड्डा डासांचं तळं होऊन बसतो. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, किंवा कॅम्पसवर जुनी विहीर असेल तर तीच वापरायची, ती सगळ्यात उत्तम. बोअरमध्ये सोडायचं असेल तर फक्त छताचं पाणी, तेही गाळणीतून, दगड, खडी, वाळू असे थर, आणि पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडून द्यायचं कारण त्यात वर्षभराची धूळ आणि कबुतरांची घाण असते. पार्किंगचं, मैदानाचं पाणी बोअरमध्ये चुकूनही नको, ऑइल आणि सांडपाणी जमिनीखाली गेलं तर ते परत काढता येत नाही. आणि हे सगळं साफ कधी करायचं? मे च्या शेवटच्या आठवड्यात. छत झाडणं, पन्हाळी-पाईप मोकळे करणं, गाळणीतली वाळू धुणं. बसवून ठेवलेल्या अनेक सिस्टीम मी अशा बघितल्यात की पाईपच्या तोंडात पिंपळ उगवलाय, फोटो मात्र फाईलमध्ये छान लावलेला आहे. एक माणूस, दोन दिवसांची मजुरी, एवढंच लागतं, पण ते बजेटच्या हेडमध्ये लिहिलेलं पाहिजे.

आरओचं पाणी फेकलं जातं तेही बघा. एक लिटर पिण्याचं मिळवताना दोन-तीन लिटर बाहेर जातं. ते पाईपने टाकीत घ्या आणि फरशी पुसायला, संडासात वापरा. बागेला रोज घालू नका, त्यात क्षार वाढलेले असतात आणि आपली काळी माती आधीच क्षार धरून ठेवणारी. केमिस्ट्रीच्या मुलांकडून आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजून घ्या, पिण्याच्या पाण्यासाठी ५०० पर्यंतची मर्यादा मानली जाते, नळाचं पाणी त्याच्या आत येत असेल तर तिथे आरओ कशाला, साधा फिल्टर आणि यूव्ही (जंतू मारणारा दिवा) पुरतो.

आता झाडं. तुम्ही वृक्षारोपण सोडून म्हणालात, पण मी म्हणतो सोडू नका, पद्धत बदला. ५ जूनला, पर्यावरण दिनी, पाहुण्यांच्या हस्ते रोपं लावली जातात तेव्हा सोलापुरात पाऊस स्थिरावलेलाच नसतो, पुढे जुलै-ऑगस्टमध्ये ओढ बसते, आणि आपला भरवशाचा पाऊस पुष्कळदा सप्टेंबरात, परतीचा. खड्डे एप्रिल-मे मध्येच खणून तापू द्या, ही शेतकऱ्याची जुनी रीत आहे, आणि रोप लावा दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर, तीन-चार फुटांचं, पिशवीत गोल फिरलेली मुळं नसलेलं. किती लावायची हे पाहुण्यांच्या वेळेवर नाही, पाण्यावर ठरवा. झाडाला आठवड्याला १५ लिटर धरलं तर १०० झाडांना दीड हजार लिटर, मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत १५ आठवडे म्हणजे साडेबावीस हजार लिटर. एवढी सोय आहे का? नसेल तर ३० लावा. तीन उन्हाळे काढलेलं झाडच मोजायचं, लावलेलं मोजायचं नाही. डाळिंबवाल्या शेतकऱ्यांकडे जुन्या ड्रिपच्या नळ्या पडलेल्या असतात, मुलांच्या घरूनच मिळतात, आणि बुडाशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला, पाणी खूप कमी लागतं.

कुठली लावायची तर कडुलिंब, करंज, चिंच, बोर, हिवर, शमी, आपटा, कवठ, बेल, पळस, मोकळी जागा असेल तर वड-पिंपळ-उंबर भिंतीपासून लांब. गिरीपुष्प, सुबाभूळ, निलगिरी नकोत. कोनोकार्पस तर नकोच, लवकर हिरवागार दिसतो म्हणून कंत्राटदार आणतात, गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातलीय.

आणि एक मनापासूनची विनंती. तुमच्या कॅम्पसवर मागच्या बाजूला उघडं माळरान असेल तर ते पडीक समजून झाडांनी भरू नका. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे, ते गवताळ माळाचं आहे, आणि माळढोक पक्षी आज दिसेनासा होण्यामागे असे माळ नाहीसे होणं हे एक मोठं कारण आहे. गवताळ माळावर कुसळी, पवना, मारवेल येतात, चंडोल आणि टिटवी जमिनीवर घरटी करतात, पावसात तिथे इतके किडे-फुलपाखरं असतात की झूलॉजी-बॉटनीच्या मुलांना प्रॅक्टिकलसाठी कुठे जावं लागत नाही. त्याला कुंपण घाला, फेब्रुवारीनंतर आग लागू नये म्हणून कडेने पट्टा कापा, बाकी हात लावू नका. खर्च जवळजवळ शून्य. नॅकच्या टीमला दाखवायला अशी जागा असेल तर मला वाटतं लॉनपेक्षा ती कितीतरी अभिमानाची गोष्ट आहे. लॉन सोलापुरात असूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कचऱ्यात मुख्य मुद्दा पाला जाळण्याचा. घनकचऱ्याच्या नियमांनी कचरा उघड्यावर जाळायला मनाई केलीय, तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंबाची पानगळ सुरू झाली की सकाळी सकाळी धूर दिसतो. यात सफाईवाल्या मावशींना बोलू नका, त्यांना कॉलेज भरायच्या आत मैदान स्वच्छ पाहिजे एवढंच सांगितलेलं असतं आणि पाला टाकायला जागा दिलेली नसते. कुंपणाच्या जाळीचे गोल पिंजरे करा, माणसाच्या छातीइतके उंच, झाडाच्या सावलीत ठेवा, त्यात पाला, वरून कॅन्टीनची भाजीची देठं, थोडं शेणपाणी, आणि गोणपाट झाकून ठेवा नाहीतर आपल्या उन्हात सगळं खडखडीत वाळतं आणि कुजत नाही. हे सुट्टीत कोरडं पडलं तरी मरत नाही, जूनमध्ये पाऊस पडला की पुन्हा चालू होतं, म्हणूनच गांडूळखतापेक्षा मला हे आवडतं. बायोगॅस फक्त मोठं हॉस्टेल असेल तरच, ५० किलो उरलेल्या अन्नातून साधारण ५ घनमीटर गॅस म्हणजे रोजचा दोन किलो एलपीजी वाचतो, पण दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत टाकीला खायला कोण घालणार हे आधी ठरवा. आणि हॉस्टेलात अन्न उरतं का तेच आधी बघा, मेसवाल्याला आदल्या संध्याकाळी किती मुलं जेवायला आहेत हे व्हॉट्सॲपवर कळलं तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

प्लास्टिकची बंदी महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, कॅन्टीनच्या करारातच स्टीलचे ग्लास-प्लेट घाला. गॅदरिंगला फ्लेक्सऐवजी कापड, सोलापुरात कापडाला काय तोटा. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत कटिंगच्या चिंध्या पोत्याने निघतात, त्यातून पिशव्या शिवायचं काम मुलींनी सुरू केलं तर ते चालतं, पण पिशवीला किंमत लावा, फुकट वाटलेली पिशवी कोणी सांभाळत नाही. ई-कचरा गोदामात साठवू नका, नोंदणी असलेल्या रिसायकलरला द्या आणि पावती ठेवा.

येण्याजाण्याचं. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून येणारी मुलं एसटीनेच येतात, त्यांना गाडी घेऊ नका सांगायची गरज नसते, गरज असते पहिला तास एसटीच्या वेळेला जुळवायची. डेपो मॅनेजरला प्राचार्यांच्या सहीचं पत्र, सोबत पासधारक मुलांची गावनिहाय यादी, एवढं घेऊन भेटा. तास चुकतो म्हणून कर्ज काढून बाईक घेणारी पोरं मी बघितलीत.

आता माणसं कुठून आणायची. स्वयंसेवकांवर सगळं ठेवू नका. कमवा आणि शिका योजनेतली मुलं मीटर रीडिंग, टाक्यांची तपासणी, पिंजऱ्यांची देखभाल यावर लावा, गरजू पोराला तासाचे पैसे मिळतात आणि काम चुकत नाही. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजना) १२० तास आहेतच, त्यांचं शिबिर दरवेळी बाहेरगावी असतं, वर्षभराचे तास मात्र कॅम्पसवर लावता येतात. आणि पर्यावरणाचा जो अनिवार्य पेपर आहे (सुप्रीम कोर्टाच्या १९९१ च्या आदेशापासून या विषयाची सुरुवात झाली) त्यात मुलं प्रोजेक्ट म्हणून नेटवरून ग्लोबल वॉर्मिंग उतरवून देतात. त्याऐवजी विषय द्या, आपल्या बिल्डिंगचं जूनचं पाणी, आपल्या कॅन्टीनचा आठवड्याचा कचरा वजन करून, आपल्या प्रत्येक झाडाचा घेर. दरवर्षीची नवी बॅच तेच मोजत गेली की पाच वर्षांत तुमच्याकडे असा डेटा होतो जो विकत मिळत नाही, आणि नॅकच्या पर्यावरणाच्या निकषाला फोटोंपेक्षा ही तीन वर्षांची उतरती बिलं जास्त बोलतात.

पैशांसाठी प्राचार्यांकडे एकच मागणी करा. लाईट बिलात आणि टँकरात जेवढी बचत होईल त्यातला निम्मा भाग वेगळ्या खात्यात, कमिटीच्या नावाने. पहिल्या वर्षी टायमर, व्हॉल्व्ह, एलईडी यांतून जे वाचेल त्यातून पुढचे पंखे, त्यातून चुना, त्यातून गाळणी. संस्थाचालकांना पर्यावरणाचं भाषण नको असतं, बिल दाखवलं की ते ऐकतात, आणि यात त्यांचं काही चुकतही नाही, संस्था चालवायची असते त्यांना. उन्हाळ्यासाठी माळीकाकांचा किंवा एका शिपायाचा मार्च ते जूनचा जादा भत्ता याच खात्यातून काढा, तो पहिला खर्च, बाकीचं नंतर.

तुम्ही या महिन्यात फक्त बिलांचं एक्सेल आणि टाक्यांच्या खुणा एवढं करा. त्यानंतर बिलावर लिहिलेला मंजूर भार, कनेक्शन एचटी (उच्च दाबाचं) आहे की एलटी (कमी दाबाचं), आणि सावली नसलेल्या छताचं माप कळवा, म्हणजे सोलर किती बसवायचं आणि छताचं पाणी बोअरला द्यायचं की विहिरीला यावर नेमकं बोलता येईल. कॅम्पसवर जुनी विहीर असेल तर तिचा फोटो आणि मे मधली पाण्याची पातळीही द्या, माळीकाकांना विचारा, त्यांना तोंडपाठ असते.